आजीचं गुपित, वाड्याचा वाटा आणि नायक-नायिकेचं लग्न: कादंबरीचं गाडं चौदाव्या प्रकरणात रुतलंय

अर्धा_मसुदा:

प्रेमकथा आजची आहे. जागा नारायण पेठ, काळ 2025. 24 प्रकरणं आखलीत, प्रत्येकी साधारण तीन हजार शब्द. तेरा लिहून झाली, पुढे हलत नाहीये.

कथा थोडक्यात अशी. सई, वय 32, आई गेल्यावर बंगळूरची नोकरी सोडून आजोळच्या वाड्यात येते. वाड्यात माई (आजी, 83), मामा, आणि साठेक वर्षांपासूनचं एक भाडेकरू कुटुंब. त्यांचा नातू निखिल, 34. वाडा विकसकाला द्यायचं चाललंय. मामाला घाई आहे, भाडेकरूंच्या वतीनं निखिल बोलतोय. आधी भांडण, मग ओळख, मग प्रेम. इथवर बरं जमलंय.

गुपित: माईंना लग्नाआधी एक मुलगा झाला होता आणि तो या भाडेकरूंना दत्तक दिला. तोच निखिलचा बाप. सईला हे कळतं ते माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या, माईंनी 1958 साली मोडीत लिहिलेल्या पत्रातून.

प्रश्न तीन. पत्राचा प्रसंग दोन वाचकांना खोटा वाटला, तो कशानं खरा वाटेल? दत्तक दिल्यावर जन्मघराशी नातं कायद्यानं तुटतं असं वाचलंय, तर सई-निखिलच्या लग्नाला हरकत नाही ना? आणि गुपित नेमकं कुठल्या प्रकरणात फोडू? सहाव्या प्रकरणात निखिल वाड्याचा सातबारा काढून आणतो, तिथंच फोडावं का, असंही डोक्यात आहे.

दस्तऐवज:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण कादंबरी तिथंच कोसळतेय.

हरकत आहे. दत्तकानं जन्मघर तुटतं हे अर्धं वाचलंय तुम्ही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा 1956, कलम 12. मूल दत्तक घराचं होतं, जन्मघरचा वारसाहक्क संपतो, हे बरोबर. पण त्याच कलमाचा पहिला अपवाद असा की जन्मघरात राहून ज्या माणसाशी लग्न करता आलं नसतं, त्याच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. हे झालं दत्तक गेलेल्याचं. त्याच्या मुलांचं बघायचं तर हिंदू विवाह कायदा 1955 रक्त मोजतो. निखिलचा बाप आणि सईची आई एका आईची मुलं. बाप वेगळा असला तरी फरक नाही, जन्म लग्नाबाहेरचा असला तरी नाही. बहीण-भावाची मुलं निषिद्ध नात्यात येतात. दोघांकडे तशी रूढी नसेल तर लग्न मुळातच शून्य.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मामाची मुलगी चालते की. चालते, पण दिशा बघा. मुलगा मामाची मुलगी करतो. तुमच्या कथेत निखिल हा सईचा मामेभाऊ, म्हणजे तो आत्याची मुलगी करतोय. महाराष्ट्रात बहुतेक समाजांत ही उलटी दिशा चालत नाही. रजिस्टर लग्नानंही सुटका नाही. विशेष विवाह कायदा 1954 च्या अनुसूचीत बाईनं कोणाशी लग्न करू नये याची यादी आहे आणि तीत मामेभाऊ चक्क लिहिलेला आहे. शिवाय तीस दिवसांची नोटीस लागते, ती वेगळीच.

कलमं वाचकाला पाठ नसतात हे मान्य. पण 'अगं बाई, हा तर हिचा मामेभाऊ' एवढं कुठलीही मावशी बोटं न मोजता सांगेल, आणि पुस्तक मिटेल. त्यातून लग्नाआधीचं मूल नेमकं सासरच्याच भाडेकरूकडे कसं गेलं, हाही प्रश्न उरतोच.

गुपित उलटं करा. निखिलच्या बापाला मोकळं सोडा. दत्तक आलेली सईची आई. मग दोघांत रक्ताचा संबंध नाही, लग्नाला अडथळा नाही, आणि धोका सरकतो तो सईच्या वाट्यावर. तुमची कादंबरी घराबद्दल आहे ना? मग गुपितानं घरच हलायला हवं.

साल असं बसवा: माईंचा जन्म 1942, लग्न 1959, सात वर्षं मूल नाही. आईचा जन्म 1965, दत्तक 1966. मामाचा जन्म 1969. दत्तक घेतल्यावर पाळणा हलला, अशी उदाहरणं वाचकांना घरोघरची माहीत असतात. मामा नंतरचा, म्हणून त्याला ताई ही ताईच वाटणार. तो आधीचा असता तर पाच-सहा वर्षांच्या पोराला घरात आलेलं बाळ आठवलंच असतं, आणि गुपित गुपित राहिलं नसतं.

दत्तक वैध ठरायला काय काय लागतं ते लिहून ठेवा, यातलीच एखादी कडी तुम्हाला ढिली ठेवायची आहे. आजोबांनी घ्यायचं, माईंची संमती हवी. घरात आधीची मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नको. मूल पंधराच्या आतलं आणि अविवाहित. पुरुष मुलगी दत्तक घेतो तेव्हा वयात किमान 21 वर्षांचं अंतर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं. दत्तहोम झाला नाही तरी चालतं, पण देण्या-घेण्यावाचून दत्तक नाही. नोंदणी केलेलं दत्तकपत्र असेल आणि त्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही असेल तर कोर्ट दत्तक वैध धरून चालतं, खोटं पाडायचं ओझं समोरच्यावर. पत्र नसेल तर ओझं सईवर. मग हयात साक्षीदाराला सोन्याची किंमत.

मूल आलं कुठून, हे आत्ताच ठरवा. नात्यातून आलं तर कागद कमी आणि तोंडं जास्त. बारशाला, मुंजीला, कोणीतरी कधीतरी बोलतंच. संस्थेतून आलं तर तोंडं कमी, कागद जास्त. आईबाप माहीत नसलेलं मूल पालकानं कोर्टाच्या परवानगीनं द्यायची सोय कायद्यात 1962 च्या दुरुस्तीनं आली. म्हणजे 1966 मध्ये कोर्टाची फाइल असणार. 1960 ला असाच प्रसंग दाखवला असता तर तो बसला नसता.

आणि कृपा करून मूल निखिलच्या आजीच्या माहेरून आणू नका, नाहीतर पुन्हा बोटं मोजायला बसावं लागेल.

नारायणपेठी:

सातबारा! नारायण पेठेतल्या वाड्याचा! सातबारा शेतजमिनीचा हो. पेठांतल्या मिळकतींचं नगर भूमापन झालेलं आहे. तिथं सिटी सर्व्हे नंबर असतो आणि उतारा निघतो तो मिळकत पत्रिकेचा. बोलताना लोक 'प्रॉपर्टी कार्ड' म्हणतात, निखिलच्या तोंडी तेच घाला. सातबारा म्हणणारा नायक दोन मिनिटांत पुण्याबाहेरचा ठरतो.

पण हा कागद तुमच्या फार कामाचा आहे. त्यावर धारकांची नावं असतात आणि ती कधी, कुठल्या फेरफारानं (नावबदलाच्या सरकारी नोंदीनं) लागली ते तारखेसकट असतं. आजोबा 1989 साली गेले म्हणा. 1990 च्या नोंदीत वारस म्हणून माई आणि मामा, दोनच नावं. सईच्या आईचं नाव लागलंय 1997 मध्ये, वेगळ्या फेरफारानं. कोणी काही बोलत नाही, कागदही बोलत नाही, फक्त सात वर्षांची फट दिसते. सहाव्या प्रकरणात एवढंच दाखवा. निखिल त्या फटीवर बोट ठेवतो, सई म्हणते 'आई तेव्हा बंगळूरला होती, राहून गेलं असेल'. वाचक गाठ मारून ठेवतो. इथं गुपित फोडायची गरजच नाही.

आता ते पत्र. माई 1942 च्या. त्या शाळेत गेल्या तोवर मोडी अभ्यासक्रमातून निघत चालली होती. त्यांनी मनातलं मोडीत लिहिणं पटत नाही. त्यांच्या सासऱ्यांनी जमाखर्च मोडीत लिहिला तर पटेल. आणि मोडी असेल तर सई वाचणार कशी? भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात खरं, पण प्रेमकथेच्या मध्यावर नायिकेला वर्गात बसवायचं का? कागद बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीतच ठेवा.

बाकी कागदाच्या बारीकसारीक चुका. 1972 च्या 15 ऑगस्टला पिनकोड आला, तेव्हा 1966 च्या पाकिटावर 411 नं सुरू होणारा सहा आकडी नंबर दिसला की खेळ खलास. आणे 1 एप्रिल 1957 ला गेले, म्हणून मुद्रांकाची किंमत रुपये-पैशांत. दस्तावर पक्षकारांचे फोटो आणि संगणकी पावती नको, ते फार अलीकडचं. 1966 च्या दस्ताला अर्जनवीसाचं वळणदार अक्षर, माघारी निबंधकाचा शेरा, शिक्का आणि अंगठे.

ट्रंक नको. ट्रंक सगळ्यांच्या कादंबरीत आहे. जाड भिंतीतलं फडताळ वापरा. मातीच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असतात, फडताळाची लाकडी पाठ पुढे ओढून मागे हातभर जागा ठेवलेली असू शकते. उघडताना काय होतं ते लिहा. आधी बिजागरी नाही, पावसानं फुगलेलं दार अडतं. खालच्या कडेला उलथनं घालून उचकटावं लागतं. आत वरच्या फळीवर देवाची जुनी वस्त्रं, कापराच्या रिकाम्या डब्या, लोणच्याच्या बरणीच्या तळाचं गोल तेलकट वळ. फळीला हात लागला की पाठीमागून भुसा गळतो, कारण वाळवी लाकडाला लागलेली असते. कागद मेणकापडात असला तर घड्यांवर तुटतो, मजकूर वाचता येतो. नुसता असला तर चाळण. तुम्हाला अर्धा मजकूर हवा असेल तर वाळवीसारखा संपादक नाही. देणाऱ्याचं नाव खाऊन टाका, साक्षीदाराची सही ठेवा.

पानशेत कोणी सुचवायच्या आत सांगतो. 12 जुलै 1961 चा पूर पुण्यातल्या प्रत्येक जुन्या गुपिताला वापरून झालाय. तरी नारायण पेठ म्हटल्यावर तो टाळताही येत नाही, नदीकडच्या भागात पाणी घुसलंच होतं. म्हणून वाडा आजोबांनी पुरानंतर, 1962 साली, खरेदीखतानं घेतला असं करा. तळमजल्याची एक भिंत नवी विटांची, बाकी जुनी. फडताळ जुन्या भिंतीत. एवढा पूर पुरे.

अर्धा_मसुदा:

दोघांचेही आभार. मामेभाऊ दिसलाच नव्हता मला, आता लाज वाटतेय. उलटं गुपित घेते. माईंच्या बाजूनं मूल संस्थेतून आलेलं, मामा नंतरचा. साक्षीदार निखिलची आजी, एवढी एकच हयात.

पण मग सईचा वाटा खरंच जातो का? किती जातो? शेवटी तिला घर मिळायलाच हवं, नाहीतर वाचक मारतील. आणि एक शंका, हल्ली थुंकी पाठवून जी डीएनए तपासणी होते ती घालू का?

दस्तऐवज:

वाडा आजोबांनी स्वतः खरेदी केलेला ठेवलात हे उत्तम. वडिलोपार्जित केलात तर सहदायकी (जन्मानंच मिळणारा हिस्सा), तो मुलींना देणारी 2005 ची दुरुस्ती, महाराष्ट्राची त्याआधीची 1994 ची, असा चार प्रकरणांचा चिखल होतो.

आता गणित. 1989 मध्ये आजोबा मृत्युपत्र न करता गेले. विधवा, मुलगा, मुलगी सारखे वारस. माई एक तृतीयांश, मामा एक तृतीयांश, आई एक तृतीयांश. आई गेल्यावर तिचा वाटा नवरा आणि मुलांत सारखा. सईचे बाबा हयात असतील तर तिच्याकडे एक षष्ठांशच येतो. बाबा आधीच गेलेले ठेवा, आकडा सोपा राहील.

दत्तक सिद्ध झालं नाही तर आईचा वाटा शून्य. माई अर्धी, मामा अर्धा. मिळकत पत्रिकेवर नाव लागलंय म्हणजे हक्क ठरला असं नाही. विकसकाच्या करारावर सगळ्या सहधारकांच्या सह्या लागतात, म्हणजे आज सईची सही अडवू शकते. ती वारसच नाही ठरली तर तिच्या सहीची गरजच संपते. गुपित कोणाला हवंय, हे आता आपोआप कळतं. खलनायक शोधत बसू नका.

भाडेकरूंना यातलं काही लागत नाही. भाडेकराराचा हक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 खाली चालतो, भाडेकरू मेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. भाडं किती दाखवायचं विचाराल म्हणून: 2000 साली 40 रुपये असेल आणि मालकानं दरवर्षी 4 टक्के वाढ लावली असेल तर आज शंभराच्या थोडं वर. माई पावती स्वतः फाडून देतात, असं दाखवा. पावतीवरचं माईंचं अक्षर आणि दत्तकपत्रावरची संमतीची सही एकच, हा धागा फुकट मिळतो.

घरची प्रत वाळवीनं खाल्ली तरी नोंदणी पुस्तकातली नक्कल असते. पण इथं एक मजा आहे. खरेदीखतासारखे स्थावराचे दस्त पुस्तक एकमध्ये, ते फी भरून कोणीही बघावं. दत्तकपत्र जातं पुस्तक चारमध्ये, त्याची नक्कल फक्त दस्तातल्या पक्षकाराला, त्याखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीला. म्हणजे निखिलनं कितीही धावपळ केली तरी त्याला ती मिळणार नाही. सई अर्ज करू शकते, माई करू शकतात. नायकानं नायिकेच्या नकळत कागद काढून आणला, हा प्रसंग लिहिला असेल तर फाडा.

आईची जन्मदाती शोधायचा मोह टाळा. मूळ शोधाचा हक्क दत्तक व्यक्तीचा, तिऱ्हाईताला ती माहिती देत नाहीत, आणि आई तर गेलेली. ते दार बंदच ठेवलेलं बरं.

थुंकीची तपासणी: मामा-भाचीत सरासरी 25 टक्के जुळतं, आजी-नातीतही तितकंच. सईचं दोघांशी काहीच जुळणार नाही. म्हणजे निकाल एका ओळीचा आणि प्रसंगाला रसच नाही. शिवाय रक्त नाही हे कळतं, दत्तक झालं की नाही हे कळत नाही. तुमच्या कथेत प्रश्न दुसरा आहे.

घर कसं मिळेल? माईंचा वाटा माईंचा स्वतःचा, पूर्ण मालकीचा. तिसरा असो की अर्धा, तो त्या कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्रानं द्यायचा तर दोन साक्षीदार हवेत, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पुण्याच्या मिळकतीला प्रोबेटची (कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची) सक्ती नाही. हयातीतच द्यायचा तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. आणि इथं बघा: राहतं घर मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. परक्याला दिलं तर बाजारमूल्यावर टक्केवारीनं, म्हणजे पेठेत काही लाख. सई कायद्यानं नात आहे का, हा प्रश्न 200 रुपयांच्या रकान्यात येऊन उभा राहतो.

लाल_पेन्सिल:

हा 200 रुपयांचा रकानाच तुमचा चरमबिंदू. झेड ब्रिजवरचा, जोडप्यांच्या त्या पुलावरचा, पाऊस नव्हे. (झेड ब्रिज असेल तर काढा. वाचला न वाचला सारखाच.)

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. 'गुपित कुठे फोडू' हा प्रश्न चुकीचा आहे, गुपित एकदा फुटत नाही. एक तक्ता करा. आडवी 24 प्रकरणं, उभी माणसं: माई, निखिलची आजी, निखिल, मामा, सई, आणि शेवटची ओळ वाचक. प्रत्येक चौकोनात एवढंच लिहा, याला काय माहीत आहे. दोन लागोपाठ उभ्या ओळी सारख्याच दिसल्या तर मधल्या प्रकरणात काही घडलेलं नाही, ते काढता येईल. तुमच्या तेरापैकी निदान दोन तशी निघतील असा माझा अंदाज.

क्रम असा सुचवते. सहाव्यात मिळकत पत्रिकेची फट. नवव्यात भाडेपावतीवरचं अक्षर, नुसतं दिसावं. अकराव्यात निखिलची आजी निखिलला सांगते आणि शपथ घालते. वाचकाला बाराव्यात. सईला पंधराव्यात. निखिल तीन प्रकरणांहून जास्त, म्हणजे कथेतले आठ-दहा दिवस याहून जास्त गप्प राहिला तर तो वाचकाच्या लेखी लबाड ठरतो, पुढे कितीही रडला तरी. आणि त्या दिवसांत त्याला सांगायची एक खरी संधी द्या, जी तो स्वतः घालवतो. फोन बंद, रिक्षा चुकली, असल्या सबबी नकोत. त्याच्या गप्प राहण्याला वजन आहे कशामुळे? सईचा वाटा गेला तर मामा आणि विकसक यांचं गणित सुटतं, भाडेकरूंनाही नव्या इमारतीत जागा लवकर मिळते. म्हणजे त्याच्या घरच्यांचा फायदा सईच्या नुकसानीत आहे. हे त्याला कळतं आणि त्याची झोप उडते. प्रेमकथेतला अडथळा असा आतून यावा लागतो.

मामाला काळा रंगवू नका. त्याला पंधराव्यानंतरच कळू द्या, आणि कळल्यावर पहिलं वाक्य वाट्याबद्दल नको, ताईबद्दल हवं. दुसरं खुशाल वाट्याबद्दल असू दे.

आता संवाद. तुमच्याकडे एक हत्यार पडून आहे, तुम्ही वापरलंय असं वाटत नाही. सई माईंना 'माई, तू' म्हणते, सख्ख्या आजीला म्हणतो तसं. निखिल 'माई, तुम्ही' म्हणतो, कारण त्या मालकीणबाई. निखिलची आजी माईंना 'वहिनी' म्हणते. सई-निखिल एकमेकांना पहिल्या फोनवर 'तुम्ही', भेटल्यावर पाच मिनिटांत 'तू'. आजच्या तिशीतल्यांत त्यावर पानं खर्च करू नका. पण पंधराव्या प्रकरणानंतर सईच्या तोंडून माईंसाठी 'तुम्ही' निघू द्या. ठरवून नाही, चुकून. 'तुम्ही चहा घेणार का?' एवढंच. माई पोळपाटावरून मान वर न करता म्हणतात, 'कोण गं आलंय?' बस. त्या प्रसंगात दत्तक हा शब्द येऊ देऊ नका, रडू येऊ देऊ नका, पुढचं वाक्य पोळी करपल्याचं.

आणि 'तू' परत कधी येतं? निबंधकाच्या कार्यालयात, त्या रकान्यापाशी. समोरचा माणूस टंकता टंकता विचारतो, 'देणार-घेणार यांचं नातं?' सईनं मृत्युपत्राचा आग्रह धरलेला असू दे, त्यात मुद्रांकाची भानगडच नाही. माईंनी बक्षीसपत्राचाच हट्ट धरलेला, कारण त्यांना तो शब्द सरकारी वहीत हवाय. निखिलची आजी दत्तकाची साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र देऊन बसलीय. माईंनी उत्तर द्यायला किती वेळ घ्यावा, ते तुम्ही ठरवा. मी असते तर शून्य वेळ दिला असता.

निखिलला या प्रसंगात दाराबाहेर ठेवा. त्यानं इथं काही करायचं नाही, फक्त दोन म्हाताऱ्यांना जिना उतरवून आणायचंय.

अर्धा_मसुदा:

तक्ता केला. चार आणि दहा ही प्रकरणं उडाली. पंधरावं प्रकरण गणपतीत आणायचं मनात आहे, विसर्जनाच्या रात्री. गर्दीमुळे सई वाड्याबाहेर पडू शकत नाही, निखिलशी बोलावंच लागतं. जमेल?

नारायणपेठी:

जमेल, तारखा नीट लावल्या तर. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, शनिवारी. केळकर रस्ता हा विसर्जनाच्या चार मुख्य रस्त्यांपैकी एक, तो नारायण पेठेला लागूनच. सकाळनंतर गाडी बाहेर काढायचा विषयच नाही, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यामुळे 'रात्री दोन वाजता सगळं शांत झालं' हे वाक्य कुठं लिहिलं असेल तर खोडा. पायी मात्र माणूस बोळांतून कुठंही जाऊ शकतो. म्हणून सई अडकली आहे हे नुसत्या गर्दीवर सोडू नका. तिला माईंजवळ थांबावं लागलंय असं करा, मामा मंडळाच्या गणपतीबरोबर गेलाय.

आवाजाचं विसरू नका. ढोलाच्या दणक्यानं जुन्या वाड्यात कडीपाटातून माती गळते, फडताळाची काचेची तावदानं थरथरतात. त्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणारच नाही. एक पथक पुढे सरकून दुसरं येईपर्यंत जी काही मिनिटांची उसंत मिळते, तेवढ्यातच निखिलला सांगावं लागेल. अर्धं वाक्य झालं की पुढचं पथक.

नकलेचा अर्ज सई त्या रात्री करू शकत नाही, दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी, 8 तारखेला. मधला अख्खा रविवार तिला वाड्यात काढायचाय, रस्त्यावर गुलाल आणि चपलांचे ढीग, घरात माई. तुमचं ते 'तुम्ही चहा घेणार का' रविवारी सकाळी.

आणि माई पोळ्या करत असतील तर वेळ साडेदहाच्या पुढची ठेवा. चहाच्या वेळी पोळपाट निघत नाही.

लाल_पेन्सिल:

पोळपाटाचं मान्य. मग भाजी निवडत असतील. मेथी.